वेवजीवरून दिसणारा शेजार

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातले वेवजी हे गाव काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत गाजले ते रस्त्यावरच्या दिव्यांवरून. हद्दीपलीकडच्या सोळसुंबा ग्रामपंचायतीने, म्हणजे गुजरातने, वेवजीच्या जागेत येऊन दिव्यांचे खांब रोवले अशी गावाची तक्रार होती. दोन्ही राज्यांच्या भूमी अभिलेख खात्यांनी एकत्र मोजणी करून हद्द नक्की करावी, अशी मागणी त्यातून पुढे आली. तक्रार किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. खांबापाठोपाठ घरपट्टी येते आणि घरपट्टीपाठोपाठ मालकीचा दावा. पण याच वेवजीच्या माणसाला रेल्वे पकडायची तर जवळचे स्टेशन उंबरगाव रोड, ते गुजरातेत. कारखान्यातले काम उंबरगावच्या जीआयडीसीत, तीही गुजरातेत. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती असा दिवस जातो आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

ही हद्द फार जुनीही नाही. १ मे १९६० पूर्वी उंबरगाव हा ठाणे जिल्ह्यातलाच तालुका होता. द्वैभाषिक मुंबई राज्य दुभंगले तेव्हा त्यातली काही गावे गुजरातेत गेली, काही महाराष्ट्रात राहिली. नकाशावरची रेघ सोयरिकींतून आणि शेतांतून गेली, पण रोजची ये-जा थांबली नाही. दोन राज्यांत तंटा झालाच तर वर दाद मागायला जागा असते. केंद्र सरकार आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, आणि तंटा मिटेपर्यंत वेवजीच्या बाईला सोळसुंब्याच्या दुकानातून मीठ आणायला कोणी अडवत नाही.

दोन देशांचे तसे नसते. वर कोणी नसते, आणि तंटा चालू असताना ये-जा करणाऱ्यालाच आधी पकडतात. शेजारी देशांच्या मैत्रीवरचे बहुतेक लेखन दिल्लीत बसून होते. कोणता पंतप्रधान कोणाच्या शपथविधीला आला, कोणत्या परिषदेत कोणी कोणाशी हस्तांदोलन टाळले, यावर ते चालते. हा आढावा तलासरी-डहाणूकडून घेतला आहे. कारण या पट्ट्याने दोन परके देश शेजारी म्हणून भोगले आहेत. जमिनीवर पोर्तुगाल, १९६१ पर्यंत. समुद्रावर पाकिस्तान, आजपर्यंत. शेजारधर्म मोजायचा तर हद्द ओलांडावी लागणाऱ्या साध्या माणसाचे काय होते यावर मोजावा, असे मला वाटते. या दोन शेजारांचा इतिहास त्या मापाने पाहिला की एक गोष्ट ठळक होते. माणसाला जे खात्रीने मिळाले ते ठरलेल्या रिवाजातून किंवा ठरलेल्या तारखेतून मिळाले. मर्जीतून मिळालेले फार वेळा अर्धेच राहिले.

आधी पोर्तुगाल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला मुलूख गेला. दमण तेवढे त्यांच्याकडे उरले. चाळीस वर्षांनी हेच दोन वैरी मैत्रीचा तह करून बसले. पुणे दरबार तेव्हा इंग्रजांशी लढाईत गुंतलेला होता, त्यामुळे आणखी एक फिरंगी अंगावर नको होता. शिवाय १७७२ मध्ये मराठी आरमाराच्या हाती सापडलेल्या ‘संताना’ या पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईचा जुना वाद होता. १७ डिसेंबर १७७९ रोजी तह झाला. पोर्तुगीजांच्या वतीने पुण्यात बोलणी करणारे वकील होते नारायण विठ्ठल धुमे, गोव्याचे सारस्वत. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजांच्या अशा हिंदी वकिलांवर १९५२ मध्ये अख्खे पुस्तकच लिहिले. लिस्बनचे परराष्ट्र धोरण पुण्यात मराठी बोलणारी माणसे चालवत होती, हे त्यावरून नीट कळते. तहाप्रमाणे दमणच्या बाजूची बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे द्यायची होती. ती १७८३ आणि १७८५ मध्ये दिली गेली. त्यांतून नगरहवेली आणि दादरा ही दोन पोर्तुगीज बेटे जमिनीच्या मधोमध तयार झाली.

दमणहून सिल्वासाला जायचे तर मधला मुलूख दुसऱ्याचा, आधी मराठ्यांचा, मग इंग्रजांचा, मग स्वतंत्र भारताचा. तरी सव्वाशेहून अधिक वर्षे माणसे, बैलगाड्या, धान्य, मुलकी अधिकारी बिनबोभाट जात-येत राहिले. दोन्हीकडे शेती असलेली कुळे होती, दोन्हीकडे नातेवाईक होते. त्यासाठी कोणी स्वतंत्र करार केलेला नव्हता, नुसता रिवाज होता.

१९५४ च्या पावसाळ्यात हे सारे बदलले. २२ जुलैला दादरा गेले, २ ऑगस्टला सिल्वासा. युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक असे वेगवेगळे गट वेगवेगळ्या वाटांनी शिरले. सुधीर फडके यांचा त्यातला सहभाग मराठी वाचकाला माहीत आहेच. कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेने १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध संघटित केलेले वारली हे याच पट्ट्यातले, आणि कम्युनिस्टांचा गटही त्या दिवसांत नगरहवेलीत उतरला होता. सिल्वासाहून निघालेला पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो ११ ऑगस्टला उधव्याला शरण आला. मुक्तिसंग्रामाच्या मराठी आठवणींत पुण्या-मुंबईच्या स्वयंसेवकांना भरपूर जागा मिळाली. रानवाटा माहीत असलेल्यांना तेवढी मिळाली नाही.

भारताने पोर्तुगीज फौजेला आपल्या जमिनीवरून जाऊ दिले नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले आणि २२ डिसेंबरला त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा टाकला. आम्हाला आमच्या मुलखात जाण्याचा हक्क आहे, भारताने तो तोडला, असे त्यांचे म्हणणे. भारताकडून महान्यायवादी एम. सी. सेटलवाड उभे राहिले. या प्रकरणापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते एम. सी. छागला. आणि मग जगातल्या सर्वोच्च न्यायालयाला अठराव्या शतकातले मराठी कागद उलगडावे लागले. पेशव्यांनी दिले ते राज्य की नुसता वसूल? न्यायालयाने सनदा पाहिल्या. त्यांत जहागीर, सरंजाम अशीच भाषा होती, म्हणजे दिला तो वसूल, सार्वभौमत्व नव्हे. मात्र इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांचा अंमल मानला आणि भारताने तोच वारसा घेतला, हेही न्यायालयाने नोंदवले.

१२ एप्रिल १९६० चा निकाल आजही वाचण्यासारखा आहे. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना १९५४ मध्ये जाण्या-येण्याचा हक्क होता, अकरा विरुद्ध चार मतांनी. फौज, सशस्त्र पोलीस, शस्त्रे यांना नव्हता, आठ विरुद्ध सात मतांनी. आणि भारताने प्रत्यक्षात आपले कर्तव्य मोडले नाही, नऊ विरुद्ध सहा मतांनी. भारताने खटला जिंकला म्हणून आपण तो लक्षात ठेवतो. त्यातला पहिला भाग मात्र कोणी सांगत नाही. साधा माणूस दीर्घकाळ बिनतक्रार जात होता म्हणून त्याचे जाणे हक्क ठरले. शिपायाला दर वेळी परवानगी लागत होती, म्हणून त्याचे जाणे परवानगीपुरतेच राहिले.

या निकालानंतर १९ दिवसांनी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. दादरा-नगरहवेली १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली होती. भारतात विलीन व्हायचे तर करारावर सही करायला तिथला कोणी राज्यप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान केले गेले. प्रशासनातले विनोदही कायदेशीर असतात. पोर्तुगालने हे सगळे मान्य केले ते तिथली सालाझारने उभारलेली हुकूमशाही कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. आज पोर्तुगाल हा भारताचा स्नेही देश आहे. जमिनीवरची बाजू इथे संपते.

समुद्राची बाजू संपत नाही.

तलासरी तालुक्याला समुद्र लाभला आहे तो झाईच्या बाजूला थोडासाच. डहाणूला बोर्डी, धाकटी डहाणू, चिंचणी असा मोठा किनारा आहे. कोळी, मांगेले यांच्या स्वतःच्या बोटी आहेत. पण पाकिस्तानच्या तुरुंगात या दोन तालुक्यांतून जाणारा माणूस बहुधा स्वतःच्या बोटीवरचा नसतो. तो आतल्या पाड्यावरचा आदिवासी असतो. भाताचे एक पीक, पाण्याची सोय नाही, मग वीटभट्टी नाहीतर बोट. ओखा, पोरबंदर, मांगरोळ, वेरावळ इथल्या मालकांचे मुकादम पाड्यांवर येतात, उचल देतात आणि माणसे खलाशी म्हणून घेऊन जातात. उचल एकदा घेतली की हंगाम पुरा करावा लागतो. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, आणि तांडेल जातो तिथे, जिथे मासळी आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ट्रॉलरांनी समुद्र खरवडून काढलेला. वर, सिंधूच्या मुखाजवळच्या गाळाच्या पाण्यात मासळी चांगली. खलाशाला जाळे ओढायचे असते. आपण कोणत्या अक्षांशावर आहोत हे त्याला कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही.

त्या पाण्यात दोन्ही देशांनी मान्य केलेली हद्दच नाही. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक या ९६ किलोमीटरच्या खाडीवरून हे सारे अडले आहे. भांडण सुरू झाले ते १९०८ च्या सुमारास, खाडीकाठच्या जळाऊ लाकडावरून, कच्छच्या रावात आणि सिंधच्या अधिकाऱ्यांत. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून निवाडा मुंबई सरकारने केला, १९१४ च्या ठरावाने. त्या ठरावाच्या नकाशातली हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठावरून जाते, म्हणून पूर्ण खाडी आमची, असे पाकिस्तान म्हणते. खाडीत नाव चालते तेव्हा रेघ प्रवाहाच्या मधून जावी, ते त्याच ठरावात आहे आणि १९२५ मध्ये रोवलेले खांबही तेच दाखवतात, असे भारत म्हणतो. १९६५ च्या कच्छमधल्या चकमकींनंतर लवाद नेमला गेला. त्याने १९६८ मध्ये रणाचा बहुतेक भाग भारताला दिला, पण खाडी त्या निवाड्याबाहेर राहिली. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची पाहणीही केली. पुढे मुंबई हल्ला झाला आणि बोलणी थंडावली. जमिनीवरचे टोक ठरत नाही तोवर तिथून समुद्रात जाणारी रेषा ठरत नाही. दोन्हीकडची गस्त मात्र आपापल्या रेषेप्रमाणे होते. मुंबईच्या सचिवालयातल्या एका ठरावाचे दोन अर्थ शंभर वर्षे तसेच राहिले आणि त्याचा दंड पाड्यावरचा माणूस भरतो.

पाकिस्तानची मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सी १९८७ पासून आहे. ती बोट पकडते, माणसे कराचीला नेते, आणि ती मलीरच्या तुरुंगात जातात. भारतीय तटरक्षक दलही सिंधच्या मच्छीमारांना असेच पकडते. दोन्ही देशांनी संयुक्त राष्ट्रांचा समुद्री कायदा स्वीकारला आहे, भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये. त्याच्या ७३ व्या कलमात लिहिले आहे की अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देऊ नये. बोट आणि माणसे जामीन घेऊन लवकर सोडावीत. पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आतल्या प्रादेशिक समुद्राला हे कलम लागू नाही, आणि परकीय नागरिकांच्या कायद्याखाली गुन्हा लावला की ते बाजूलाच पडते.

मग उरतो २००८ चा करार. २१ मे २००८ रोजी भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या कैद्यांना वकिलातीची भेट मिळावी म्हणून जो करार केला, तो साध्या गद्यात लिहिलेला आणि अतिशय समजूतदार आहे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोघांनी आपल्याकडच्या एकमेकांच्या कैद्यांची यादी द्यायची. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्यायचे. राष्ट्रीयत्व नक्की झाले आणि शिक्षा संपली की महिन्याच्या आत माणूस परत पाठवायचा. हा करार झाला आणि सहाच महिन्यांत कुबेर ही गुजराती बोट पळवून अतिरेकी मुंबईत उतरले. तरीही १ जानेवारी २००९ ला याद्या दिल्या गेल्या. बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या वर्षी दिल्या गेल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये अटारीची चौकी बंद झाली, सिंधू जलवाटपाचा १९६० चा करार भारताने स्थगित ठेवला, आणि मे महिन्यात दोन्ही देशांनी एकमेकांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन डागले. आणि १ जुलै २०२५ ला याद्या पुन्हा दिल्या गेल्या, जणू मध्ये काही घडलेच नाही. त्याच पद्धतीने दर १ जानेवारीला दोघे एकमेकांना आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या देतात, १९९२ पासून, खंड न पडता. तारीख ठरलेली आहे, कारकून यादी करतो, राजदूत लखोटा देतो. यात कोणाला मोठेपणा मिळत नाही, म्हणून बहुधा कोणी हे बंदही करत नाही.

पण करारातली पाळली जाते ती तारखेची अट. महिन्याच्या मुदतीची अट पाळली जात नाही. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार आणि ५३ इतर नागरिक होते. त्यांतल्या १५९ जणांची शिक्षा संपलेली होती. म्हणजे २४६ पैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक कराराप्रमाणे कधीच घरी असायला हवे होते. २६ जणांना वकिलातीची भेटही मिळाली नव्हती. भारताच्या यादीत पाकिस्तानचे ८१ मच्छीमार आणि ३८२ इतर होते. त्यांच्यापैकी ८० जणांच्या राष्ट्रीयत्वाला पाकिस्तानने दुजोरा दिलेला नव्हता, म्हणून ते अडकलेले. आपल्याच माणसाला आपले म्हणायला सरकारे किती वेळ घेतात, याची दोन्हीकडे स्पर्धाच आहे.

सुटका होते, नाही असे नाही. २०१४ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत २,६६१ भारतीय मच्छीमार परत आले. ही संख्या लहान नाही. पण त्या सुटका केव्हा होतात ते पाहावे. मे २०१४ मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ दिल्लीला नव्या भारतीय पंतप्रधानांच्या शपथविधीला यायचे होते, तेव्हा १५१ मच्छीमार सुटले. ४ आणि ५ मे २०२३ ला गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, पाकिस्तानचे बिलावल भुट्टो आले, भारताचे आणि त्यांचे जाहीर खटके उडाले, तरी त्याच महिन्यात १९८ जण सुटले. दर वेळी बातमीत एकच मजकूर असतो, सदिच्छेचे पाऊल म्हणून सुटका. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला सोडणे ही सदिच्छा कशी? ते देणे आहे, करारात लिहिलेले. त्याला सदिच्छा म्हटले की दुसऱ्या दिवशी सदिच्छा नसली तर माणूस आत राहतो, आणि कोणी करारभंग केला असेही म्हणता येत नाही. भारतही हीच भाषा वापरतो. या एका सवयीने २००८ च्या कराराचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्या युद्धाने केलेले नाही.

या दिरंगाईची किंमत काय असते, हे या जिल्ह्याने जवळून पाहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याच्या ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी गस्ती बोटीने गोळीबार केला आणि त्यात पालघर तालुक्यातला एक मच्छीमार ठार झाला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक आदिवासी खलाशी कराचीत कैदेत असताना वारला. मृतदेह गावी पोहोचायला दीड महिना गेला. बोटींचे तर विचारूच नये. माणसे उशिरा का होईना येतात, बोटी कराचीच्या धक्क्याला कुजतात. २०१५ मध्ये ५७ बोटी परत मिळाल्या होत्या, तो अपवाद. मालकाचे नुकसान मोठे असते, पण त्याच्याकडे संघटना असते आणि गांधीनगरला ओळख असते. खलाशी तलासरीचा आणि बोट पोरबंदरची, त्यामुळे त्याचा कागद दोन राज्यांच्या मधे फिरत राहतो. वेवजीच्या दिव्याच्या खांबावर दोन राज्ये हक्क सांगतात. या माणसाच्या बाबतीत तेवढी चढाओढ दिसत नाही.

हे असेच असते का, की शेजाऱ्यांना याहून चांगले जमते? बंगालच्या उपसागरात जमले आहे. भारत आणि बांगलादेश यांची सागरी हद्द २०१४ मध्ये हेगच्या लवादाने ठरवली. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी साडेएकोणीस हजारांच्या आसपास बांगलादेशला मिळाले आणि भारताने निकाल मान्य केला. दुसऱ्या वर्षी जमिनीवरच्या बेटांचीही अदलाबदल झाली, १११ भारतीय आणि ५१ बांगलादेशी. दादरा-नगरहवेलीसारखीच ही बेटे होती, फक्त शेकड्याने, आणि तिथेही वाटेच्या हक्काचा प्रश्न आधी तीन बिघा या चिंचोळ्या पट्टीपुरता १९९२ मध्ये सुटला होता. हद्द ठरल्याचा फायदा कडवट दिवसांत कळतो. ऑगस्ट २०२४ मधल्या ढाक्यातल्या सत्तापालटानंतर ढाका आणि दिल्ली एकमेकांशी धड बोलत नव्हते. तरी जानेवारी २०२५ मध्ये दोन्हींच्या तटरक्षक दलांनी समुद्रातच, हद्दीवर, ९५ भारतीय आणि ९० बांगलादेशी मच्छीमारांची अदलाबदल केली, बोटींसकट. त्यांना पकडून काही महिनेच झाले होते. कराचीहून सुटलेल्या खलाशाला लाहोर, वाघा, अमृतसर असा अर्धा उपखंड फिरून घरी यावे लागते, हे शेजारी ठेवून पाहावे.

मात्र हद्द ठरली की सगळे मिटते, असेही नाही. श्रीलंकेशी १९७४ आणि १९७६ च्या करारांनी हद्द ठरलेली आहे, तरी पाल्कच्या सामुद्रधुनीत अटका चालूच आहेत. तिथे तामिळनाडूचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडतात आणि उत्तर श्रीलंकेतल्या तमिळ मच्छीमारांची जाळी फाटतात. दोन्हीकडची भाषा एक, देवदेवताही पुष्कळशा एकच, आणि भांडण खरे पोटाचे. तिथे नुसत्या मैत्रीच्या भाषणांनी काम होणार नाही, ट्रॉलर कमी करावे लागतील. सौराष्ट्र आणि सिंधमध्ये मच्छीमारांचे आपसात तसे वैर नाही, हे आपले नशीब. कराचीजवळच्या इब्राहिम हैदरीतले लोक आणि ओख्याचे लोक एकाच सरकारी खेळात सापडले आहेत. चीन आणि व्हिएतनाम १९७९ मध्ये लढले होते, तरी त्यांनी २००० मध्ये टोंकिनच्या आखातात हद्द ठरवून तिच्या दोन्ही बाजूंना संयुक्त मासेमारीचा पट्टा आखला आणि २००४ पासून तो वापरला. सर क्रीकच्या तोंडाशी तसा पट्टा आखायला खाडीचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नाही. अमुक इतक्या मैलांच्या पट्ट्यात, अमुक लांबीच्या बोटीवरच्या माणसाला पकडायचे नाही, हाकलून द्यायचे, एवढे दोन तटरक्षक दलांना ठरवता येईल. त्यांच्यात २००५ पासून समझोता आहे, दूरध्वनीची थेट सोयही त्यातलीच.

सरकारांबाहेरच्या लोकांनी या प्रश्नात जे केले ते कमी लेखू नये. १९९४ मध्ये सुरू झालेल्या पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरमने मच्छीमारांचा प्रश्न सतत जागा ठेवला. मुंबईचे पत्रकार जतिन देसाई वर्षानुवर्षे याद्या, नावे, पाठपुरावा यांत गुंतले आहेत. कराचीत एधी फाउंडेशन सुटलेल्या भारतीय मच्छीमारांना लाहोरपर्यंत स्वखर्चाने पोहोचवते, हातात थोडे पैसेही ठेवते. नागपूरच्या निर्मला देशपांडे, लेखक पु. य. देशपांडे यांच्या कन्या, आयुष्याच्या उत्तरार्धात दोन्ही देशांमधली ये-जा वाढावी म्हणून खपल्या. २००८ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी सिंधूत विसर्जित झाल्या आणि पाकिस्तानने त्यांना मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज दिला. कराचीत १८५५ पासून चालू असलेली एनजेव्ही शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. असे धागे हृद्य आहेत, पण त्यांनी सुटकेचा कागद लवकर हलत नाही. भल्या माणसांच्या चिकाटीवर व्यवस्था सोडून देणे, ही सरकारांची सोय आहे.

व्यवस्था कुठे अडते ते पाहिले तर उपाय साधे आहेत. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २००७ मध्ये ठरली, तुरुंगांना भेटी देऊ लागली, आणि तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. २०१८ मध्ये तिला पुन्हा सुरू करायचे दोघांनी मान्य केले, तिथेच राहिले. ती समिती बोलणी चालू नसतानाही फिरू शकते, कारण ती राजकारणावर बोलत नाही, कोठड्या मोजते. दुसरी अडचण राष्ट्रीयत्वाच्या खातरजमेची. कराचीत उर्दूत उतरवून घेतलेले नाव इस्लामाबादच्या वकिलातीतून दिल्लीला, दिल्लीहून राज्याला, राज्यातून जिल्हा पोलिसांकडे आणि तिथून पाड्यावर येते. वारली नाव, आडनावाचे दोन-तीन प्रकार, पत्त्यात फक्त पाडा, बोटीच्या कागदावर गुजराती लिपी. एवढ्या उतरंडीत महिने जातात आणि करारातली महिन्याची मुदत राष्ट्रीयत्व ठरल्यावरच सुरू होते. म्हणजे ती मुदत लांबवण्याचे अर्धे काम आपल्याकडेच होते.

हे इस्लामाबादला न विचारता सुधारता येण्यासारखे आहे. बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी. तीत फोटो, आधार, बोटीचा नंबर, बंदर, मुकादमाचे नाव असावे, आणि एक प्रत तहसीलदारांकडे, एक पालघरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात, एक गुजरातच्या बंदरावर जावी. अटकेची बातमी आली की चार दिवसांत दिल्लीला कागद जाईल. गुजरात सरकार आपल्याकडच्या अटक झालेल्या मच्छीमारांच्या घरी दिवसाला ३०० रुपये देते. खलाशाची नोंद दोन्ही राज्यांत असेल तर बोट एका राज्यातली आणि माणूस दुसऱ्या राज्यातला असला तरी कुटुंबाचा खर्च कोणी द्यायचा हा वाद उरणार नाही. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी ३१ जुलैला उठते, गुजरातेत अलीकडे ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबते. नोंद करायची तर मुकादम उचल वाटायला पाड्यांवर येतात त्या दिवसांतच करावी लागेल. माणूस एकदा ओख्याला पोहोचला की मग तो कोणत्या ग्रामपंचायतीचा, हे आधी कराचीला कळते आणि नंतर तलासरीला.